सासूबाईंच्या पाठीवरचा पॅच आणि परत सुरू झालेल्या उलट्या

मडकईकरीण

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती वाचायला येते, आज वेगळंच विचारायचं आहे.

सासूबाई ७८ वर्षांच्या. दोनेक वर्षांपासून विसरायला लागल्या आहेत. आता चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आली, तर दिवसातून दहा वेळा "कांगलां हाडलीं रे?" म्हणून विचारतात, आणि माटोळीला (गणपतीवर टांगतो त्या फळाफुलांच्या चौकटीला) बांधायची ही रानफळं त्यांच्या समोरच्या टोपलीत असतात. डॉक्टरांनी आधी रिवास्टिग्मिनच्या कॅप्सूल दिल्या होत्या. त्यांनी इतकं मळमळायचं की पेजसुद्धा पोटात ठरेना. म्हणून महिन्यापूर्वी त्याच औषधाचा पॅच लिहून दिला. पाकिटावर ५ चौरस सेंटीमीटर आणि २४ तासांना ४.६ मिलिग्रॅम असं आहे. रोज एक, पाठीवर किंवा दंडावर.

पहिले तीन आठवडे छान गेले. उलटी नाही, दोन घास जास्तच जेवायच्या. या सोमवारपासून माझी सकाळची शाळा सुरू झाली, त्यामुळे पॅच आता आमचे हे लावतात. मंगळवारी दुपारी परत उलटी. काल दोनदा. आज तर सकाळपासून नुसत्या पडून आहेत, हाक मारली की "हूं" म्हणतात. पॅचची नवी पट्टी खराब निघाली असेल का?

शिवाय या हवेत तो टिकत नाही. घामाने कडा सुटतात. एकदा तर सापडेचना. शेवटी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मिळाला, सासूबाईंनी तो नेमका एकादशीच्या चौकोनावर चिकटवला होता. असा पडला तर तोच परत लावायचा की नवा? अर्धा कापून लावला तर उलट्या थांबतील का?

आणि ह्यांचं म्हणणं असं, की हे सगळं थोतांड आहे. त्वचेतून औषध आत जात असतं तर गोव्याच्या पावसात आपण सगळे फुगून मेलो असतो.

संकासूर

भावोजींचा मुद्दा बिनतोड आहे. मी लहानपणापासून अंगाला खोबरेल चोपडतो, अजून माझ्या पोटातून माडाचा कोंब आलेला नाही.

थट्टा सोडा, उलट्या चालू आहेत तर इथे विचारत बसू नका, डॉक्टरांना फोन लावा.

पेलीवाली

मडकईकरीण ताई, बाकीचं मागाहून वाचा. आत्ता उठा, सासूबाईंचा ब्लाऊज मागून सैल करा आणि पाठ, दोन्ही दंड, छाती उजेडात नीट बघा. अंगावर किती पॅच आहेत ते मोजा. हे पॅच त्वचेच्याच रंगाचे असतात, सुरकुत्यांत दिसतही नाहीत. हात फिरवून बघा. एकापेक्षा जास्त निघाले तर सगळे काढा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. बोलावल्याला उत्तर देईनाशा झाल्या किंवा नाडी फार मंद लागली तर फोनही नको, सरळ घेऊन जा.

असं का म्हणते ते सांगते. लावणारा माणूस बदलला आणि दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, हे तुम्हीच लिहिलंय. नवा लावायचा हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. जुना काढायचा हे राहत नाही, कारण गोळीच्या बाबतीत कालची गोळी कोणी काढत नाही! या औषधाच्या पॅचमधला सगळ्यात घातक घोटाळा हाच आहे, आणि एकावर एक पॅच राहून माणसं दगावल्याच्या नोंदीही आहेत.

मी कोण ते सांगायला हवं. मी फार्मसीची. पीएच.डी.चं काम त्वचेतून औषध पोचवण्यावरच चाललंय, पाचवं वर्ष आहे. डॉक्टर नाही. त्यामुळे डोस किती, कधी परत सुरू करायचा, हे मी सांगणार नाही. पण पॅच कसा चालतो हे सांगू शकते, आणि भावोजींना उत्तर द्यायला तर मला आवडेलच.

आपल्याकडची चिऱ्यांची भिंत डोळ्यांपुढे आणा. जांभ्याचे चिरे, मध्ये दर्जात, म्हणजे सांध्यांत, चुना. त्वचेचा सगळ्यात वरचा थर, स्ट्रॅटम कॉर्नियम, तसाच असतो. चिरे म्हणजे मेलेल्या चपट्या पेशी आणि दर्जातला चुना म्हणजे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं यांचा थर. हे सगळं मिळून जाडी १० ते २० मायक्रोमीटर, वहीच्या कागदाचा जेमतेम पाचवा हिस्सा. एवढ्याशा पापुद्र्यावर माणूस जून ते सप्टेंबर भिजत काढतो. चुना तेलकट आहे म्हणून पाणी आत शिरत नाही. तेव्हा पावसापुरतं भावोजींचं बरोबर.

पण तेलाशी जुळवून घेणारा, आकाराने लहान आणि अगदी थोड्या मात्रेत काम करणारा रेणू असेल, तर तो त्या दर्जांतून वळणं घेत खाली उतरतो. लहान म्हणजे किती, तर २००० साली बॉस आणि माइनार्डी यांनी एक ठोकताळा मांडला: साधारण ५०० डाल्टनच्या (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) वरचे रेणू धडधाकट त्वचेतून जात नाहीत. निकोटिन १६२, नायट्रोग्लिसरिन २२७, तुमचं रिवास्टिग्मिन २५०, फेंटानिल ३३६. सगळी या चौकटीतली. डायनामाइटच्या कारखान्यातल्या कामगारांचं सोमवारी डोकं दुखायचं ते याचमुळे. आठवडाभर नायट्रोग्लिसरिन हाताला लागून अंगात जायचं, शरीर सरावायचं, रविवारच्या सुट्टीत ती सवय मोडायची आणि सोमवारी पुन्हा तेच. पॅच निघायच्या कितीतरी आधी हे पॅचचंच काम त्या बिचाऱ्यांच्या हातांवर चालू होतं.

आता तुमच्या पाकिटावरचा आकडा. ५ चौरस सेंटीमीटरच्या मूळ पॅचमध्ये औषध भरलेलं असतं ९ मिलिग्रॅम. २४ तासांत अंगात जातं सुमारे ४.६. म्हणजे संध्याकाळी काय, दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा "संपलेल्या" पॅचमध्ये जवळजवळ निम्मं औषध शिल्लक असतं. ते मुद्दाम ठेवलेलं असतं. आत जोर राहिला तरच खाली धार एकसारखी पडते, टाकी रिकामी होत आली की नळाची धार बारीक होते तसं. म्हणून कालचा पॅच पाठीवर राहिला तर तो मेलेला नसतो. तोही देतच असतो, आणि आजचाही देतो.

कॅप्सूलने मळमळायचं आणि पॅचने नाही, याचं कारणही हेच. कॅप्सूल घेतली की रक्तात औषधाचा एकदम डोंगर उभा राहतो, मग दरी. पॅचमध्ये सपाट पठार. मोठ्या चाचणीत १० चौरस सेंटीमीटरचा पॅच आणि दिवसाला १२ मिलिग्रॅमच्या कॅप्सूल यांचा गुण सारखाच निघाला, पण मळमळ-उलटीच्या तक्रारी पॅचवाल्यांत साधारण एक तृतीयांश होत्या. म्हणजे पॅचवर असताना अचानक उलट्या सुरू झाल्या तर पट्टी खराब निघाली असं मनात येण्याआधी औषध जास्त जातंय का, हे बघायचं.

पडलेल्या पॅचचं: तोच परत लावू नका. नवा लावा आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी बदला. मध्ये तीन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय परत सुरू करू नका, सुरुवात खालच्या डोसपासून करावी लागते. कापायचा नाही. आपल्या हवेत टिकवायचा असेल तर आंघोळीनंतर अंग पुसून दहा मिनिटं पंख्याखाली बसवा, तिथे पावडर-तेल काही नको, मग लावून तळहाताने तीस सेकंद दाबून धरा. तीस म्हणजे तीस, मोजून. हाताची ऊब लागली की गोंद बसतो. आणि जागा रोज बदला, त्याच जागी चौदा दिवस परत नको. पाठीवर वरच्या बाजूला लावलात तर त्यांचा हातही पोचणार नाही, कॅलेंडर वाचेल.

आधी पाठ बघा मात्र.

निवृत्त तारवटी

पेलीवाली बाय, छान समजावलंत. मी तीस वर्षं बोटीवर काढली, स्टुअर्ड होतो. ऐंशीच्या दशकात आमच्या क्रूझवर प्रवासी कानामागे नाण्याएवढी गोल पट्टी लावून यायचे. बोट लागू नये म्हणून. आम्ही गोंयकार पोरं हसायचो, बोट लागायची ती आमची कधीच लागून संपलेली.

एकदा उत्तर अटलांटिकात अशी हवा लागली की मलाही उभं राहवेना. बोटीवरच्या डॉक्टरने एक पट्टी दिली. लावली, बोटं तशीच डोळ्याला चोळली. तासाभरात उजव्या डोळ्याची बाहुली बशीएवढी, डावी मोहरीएवढी! आरशात बघून मला वाटलं अर्धांग झाला. घरी आईला तार करावी का इथपर्यंत विचार गेला. डॉक्टर नुसता हसला, म्हणाला हात धुवायला कोणी शिकवलं नाही का. दोन दिवस उजव्या डोळ्याने मेनूकार्ड वाचता येत नव्हतं.

त्यात असं काय असतं हो? आणि कानामागेच का?

पेलीवाली

काका, त्यात स्कोपोलामिन. आपल्या धोतऱ्यात असतं तेच. श्रावणात महादेवाला वाहतो त्या फळाफुलातला रेणू. डोळ्यात गेला की बाहुली मोठी करतो. तुमच्यासारखे किस्से आमच्या पुस्तकांत भरपूर आहेत, म्हणून कुठलाही पॅच हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे. ताई, हे तुमच्यासाठीही.

औषध रक्तात पोचवणारा, रीतसर मान्यता मिळालेला पहिला पॅच हाच. १९७९, अमेरिका, तीन दिवस चालणारा. झाफारोनी यांच्या अल्झा कंपनीने बनवला होता.

कानामागे यासाठी की सगळी त्वचा सारखी नसते, तिथून हे जास्त सहज आत जातं. फेल्डमन आणि मेबॅक यांनी १९६७ साली हायड्रोकॉर्टिसोन वेगवेगळ्या जागी लावून मोजलं होतं. हाताच्या कोपर ते मनगट या भागातून जितकं जातं ते १ धरलं, तर कपाळातून ६, तळपायातून ०.१४. आणि पुरुषांच्या अंडकोशाच्या त्वचेतून ४२. वर्गात हा तक्ता आला की मागच्या बाकांवर खसखस पिकते, पण शेतात कीटकनाशक फवारताना ओल्या पँटीत दिवसभर फिरणाऱ्या माणसाला हा आकडा कोणीतरी सांगायला हवा.

मडकईकरीण

दोन होते.

एक उजव्या खांद्याच्या पात्यावर आणि एक ब्लाऊजच्या पट्टीखाली, अगदी चुरगळून बसलेला. ह्यांनी जुना काढायचा असतो हेच धरलं नव्हतं. म्हणाले, "मला वाटलं ते विरघळून जातात." मधले एक-दोन आंघोळीत सुटून गेले असणार, नाहीतर तीन-चार निघाले असते. मी त्यांना काय बोलणार, माझ्याच हातून सांगायचं राहिलं. शाळेच्या गडबडीत पाकीट हातात दिलं आणि निघाले.

डॉक्टरांशी बोलले. दोन्ही काढायला लावले, आज आणि उद्या काहीच लावू नका म्हणाले, नाडी बघत राहा, पाणी घोट घोट द्या. उलटी थांबली नाही तर रात्रीच आणा. आत्ता झोपल्या आहेत, नाडी ६४ आहे. हे शेजारी स्टुलावर बसून दर अर्ध्या तासाने मोजताहेत आणि वहीत लिहिताहेत. थोतांड म्हणणारा माणूस!

पेलीवाली

६४ चांगली आहे. काढल्यावर हे औषध तसं लवकर उतरतं, तीनेक तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. भावोजींना रागावू नका. "विरघळून जातात" असं वाटणारे शिकलेसवरलेले लोक मी बघितलेत.

आणि चुकांचंच बोलायचं तर माझी ऐका, म्हणजे त्यांना बरं वाटेल.

आमचं काम चालतं फ्रान्झ सेलवर. माझं नाव पेलीवाली ते त्याचमुळे. काचेच्या दोन पेल्या, एकीवर एक. मध्ये त्वचेचा तुकडा पापडासारखा दाबून बसवायचा. वर औषध लावायचं, खाली मिठाचं पाणी, त्यात चुंबकाची बारीक कांडी गरगरत असते, भोवती ३७ अंशांचं पाणी खेळवायचं. मग ठरलेल्या वेळी खालून थोडं पाणी काढून किती औषध उतरलं ते मोजायचं. चोवीस तास. रात्री दोनला, चारला. त्वचेखाली हवेचा एक बुडबुडा राहिला तरी तेवढी जागा फुकट, आणि पावसाळ्यात वीज गेली की सगळंच फुकट.

माणसाची त्वचा सहज मिळत नाही, म्हणून डुकराच्या कानाची वापरतात. ती बरीच जवळची असते. गोव्यात याची टंचाई नाही. सासष्टीत एक जण पहाटे डुक्कर कापतो, त्याच्याकडून मी कान आणते, मासळीच्या खोक्यात बर्फ घालून. तो दर वेळी म्हणतो, कान सोरपोतेलात घातले असते, तू त्यांचं करतेस काय? आमच्या घरी मासळी चालते, डुक्कर नाही. त्या खोक्यात नेमकं काय जातं ते आईला अजून ठाऊक नाही, आणि इथे ती येत नाही म्हणून लिहिते.

तर दुसऱ्या वर्षी मी गुडघेदुखीच्या औषधाचं जेल करत होते. खोबरेलात लॉरिक आम्ल भरपूर असतं, ते त्या दर्जातला चुना जरा सैल करतं हे माहीत असलेलंच आहे. मी त्याचं प्रमाण थोडं बदललं आणि एका रात्रीत औषध एकदम कितीतरी पटीने उतरायला लागलं. मी सहाही पेल्या परत मोजल्या. तेच. दोन दिवस मी जमिनीवर नव्हते. गाईडना दाखवायला आलेख रंगीत छापून घेतला. शोधनिबंधाचं नावसुद्धा मनात ठरलं होतं.

गाईडनी आलेख बघितला, चष्मा काढला आणि विचारलं, "कान कुठून आणलेस?"

त्या आठवड्यात नेहमीचा माणूस लग्नाला गेला होता. त्याच्या भावाने कान दिले होते, छान पांढरेस्वच्छ. केस काढायला त्याने आधी उकळतं पाणी ओतलं होतं. आता गंमत अशी, की त्वचा ६० अंशांच्या पाण्यात मिनिटभर धरली की वरचा पापुद्रा अलगद सुटतो. प्रयोगशाळेत तो वेगळा करायला आम्ही स्वतःच हे करतो! म्हणजे माझ्या पेलीत भिंतच नव्हती. जेलऐवजी सोलकढी ओतली असती तरी उतरली असती. तो रंगीत आलेख अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. तेव्हापासून प्रत्येक तुकड्याचा विद्युतरोध आधी मोजते, कमी आला म्हणजे भिंत फुटकी, तुकडा बाद. आणि खाटकाला आदल्या रात्री फोन: गरम पाणी घालायच्या आधी माझे कान काढून ठेव. हे वाक्य बसमध्ये बोलले की शेजारचा माणूस सरकून बसतो.

मडकईकरीण

हसले बाई, आजच्या दिवसात पहिल्यांदाच. ह्यांना वाचून दाखवलं.

एक विचारू? ह्यांना साखर आहे, रोज इन्सुलिन टोचतात. मधून मधून बातमी येते की आता पॅचमधून इन्सुलिन, सुई नको. ते खरं का?

पेलीवाली

"आता सुई नको" हा मथळा मी शाळेत असल्यापासून वाचतेय.

वरचा ५०० चा ठोकताळा आठवा. इन्सुलिन ५८०० च्या वर. दर्जातून हत्ती न्यायचा म्हटल्यासारखं आहे. साधा चिकटपट्टीचा पॅच त्याला कधीच पुरणार नाही, म्हणून लोकांनी भिंतीलाच हात घातला. त्यातलं एक काम आपल्याच माणसाचं: समीर मित्रगोत्री. मुंबईच्या यूडीसीटीतून (मुंबई विद्यापीठाचा रसायन-तंत्रज्ञान विभाग) केमिकल इंजिनियरिंग करून ते अमेरिकेत एमआयटीत गेले. १९९५ साली ब्लँकश्टाइन आणि लँगर यांच्याबरोबर त्यांचा निबंध 'सायन्स'मध्ये आला. २० किलोहर्ट्झचा, म्हणजे सोनोग्राफीपेक्षा कितीतरी खालच्या पट्टीतला ध्वनी त्वचेवरच्या पाण्यात सोडायचा. त्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि त्या धक्क्यांनी दर्जांतला थर विस्कटतो. तेवढ्या वेळात इन्सुलिनसारखा मोठा रेणू माणसाच्या त्वचेतून पार झाला. मला यातलं आवडतं ते असं, की अल्ट्रासाऊंड त्वचेवर लोक आधीपासून वापरत होते, पण फार वरच्या पट्टीत. ह्यांनी पट्टी खाली आणली, कारण बुडबुडे तिथेच जोरात फुटतात. नवीन औषध नाही, नवीन रसायन नाही. सूर बदलला.

दुसरा रस्ता सूक्ष्म सुयांचा. अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या, मांजराच्या जिभेसारख्या खरखरीत लागणाऱ्या. वरची भिंत ओलांडतात, पण दुखणाऱ्या नसांना फारशा टोचत नाहीत. कल्पना अल्झाच्याच लोकांनी सत्तरच्या दशकात मांडली होती, पण एवढ्या बारीक सुया घडवायचं तंत्र संगणकाच्या चिपवाल्यांकडून यावं लागलं. जॉर्जिया टेकच्या प्राउस्निट्झ यांच्या गटाने १९९८ साली अशा सुयांनी त्वचा भेदून दाखवली. पुढे विरघळणाऱ्या सुयांतून फ्लूची लस १०० जणांच्या चाचणीत देऊन बघितली, ते २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आलं. लशीला हे शोभतं, कारण ती चिमूटभर लागते आणि एकदाच. इन्सुलिन रोज लागतं, जेवणागणिक कमी-जास्त लागतं, आणि थोडं चुकलं तर माणूस बेशुद्ध पडतो. त्यामुळे भावोजींनी तूर्त इन्सुलिनचं पेनच वापरावं. मी या धंद्यात आहे म्हणून खोटी आशा लावणार नाही.

औषधवाला म्हापसा

उशिरा बघितलं. दुकानातला अनुभव लिहितो, कोणाच्या तरी कामी येईल.

दुखण्याचे पॅच असतात, ब्युप्रेनॉर्फिनचा सात दिवसांचा, फेंटानिलचा तीन दिवसांचा. हे अफूच्या जातीचे. आमच्या ओळखीतल्या एका आत्यांना कंबरेसाठी सात दिवसांचा दिला होता. लावला कंबरेवरच, जिथे दुखतं तिथे, जसं काही ते मलम आहे. वर पावसाळी गारठा म्हणून घरच्यांनी रुईचं पान तापवून ठेवलं आणि त्यावर गरम पाण्याची पिशवी. दुपारी आत्या उठेनात. श्वास मोजायची पाळी आली. उष्णतेने औषध भराभर जातं, हे घरच्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली फेंटानिलच्या पॅचबद्दल इशारा काढला त्यातही हे होतं. सणकून ताप आला तरी तोच धोका. पॅच असताना त्यावर पिशवी नाही, शेक नाही, उन्हात पाठ करून बसणं नाही.

जुना पॅच चिकट बाजू आत घडी करून टाकायचा. नुसता केराच्या टोपलीत टाकला की नातवंडं स्टिकर समजून कपाळाला लावतात. पेलीवाली म्हणतात तसं त्यात औषध उरलेलं असतं, आणि फेंटानिलचं उरलेलं लहान मुलाचा जीव घ्यायला पुरतं.

आणि एमआरआय काढायला जाल तेव्हा पॅच आहे म्हणून सांगा. काहींच्या पाठीला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो, तो तापून भाजतं.

मडकईकरीण

सगळ्यांचे आभार. चौथा दिवस आज. उलटी नाही. परवा डॉक्टरांनी परत ५ चा एकच सुरू केला, मोठा इतक्यात नको म्हणाले.

ह्यांनी आता स्वतःच नियम काढलाय: जुना घडी करून हातात आल्याशिवाय नवं पाकीट फोडायचं नाही. मग कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात जागा लिहायची, उ.खा. म्हणजे उजवा खांदा, डा.दं. म्हणजे डावा दंड. एकादशीच्या चौकोनावर गोंदाचा डाग आहे, तिथे पेन उमटत नाही. सासूबाई सकाळी पेज जेवल्या, वर तोर (कैरीचं लोणचं) मागितलं. आणि कांगलां आली का ते विचारून झालं, दोनदा.

फक्त खांद्यावर जिथे तो जुना राहिला होता तिथे लाल चौकोन दिसतोय अजून. खाजतं म्हणतात. काही लावू का?

पेलीवाली

लाल चौकोन पॅचच्या मापाचाच आहे आणि फिकट होत चाललाय ना? मग तेवढं होतं. पण काढून ४८ तासांवर गेले तरी कमी होत नसेल, चौकोनाबाहेर पसरत असेल, किंवा फोड, सूज असेल तर ती ॲलर्जी असू शकते, ते डॉक्टरांना दाखवाच. शक्यतो आजच फोटो काढून ठेवा, उद्या ताडून बघायला. खोबरेल, मलम काही नको, साबणाने घासू नका. नवे पॅच त्या बाजूला सध्या लावूच नका, डाव्या अंगाला लावत राहा.